लंबकाच्या पाठातला आकडा

मी, विद्यापीठात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला, मुलांच्या तोंडी 'करेक्ट सर', पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, डोकं शाबूत आहे.

घर आणि शिल्लक यांचे वाटे शरियतप्रमाणे पत्नी आणि मुलगा यांच्यात व्हावेत. त्यात माझी लुडबुड नाही. मृत्युपत्राने देण्याचा माझा हक्क एक तृतीयांशापुरताच. त्यातून हत्यारपेटी प्रयोगशाळेच्या सहायकाला. पकड त्याने आधीच लांबवली आहे, ती माफ.

पाठ्यपुस्तक समितीच्या अध्यक्षांना काहीही नाही. त्या दिवशी त्यांनी नुसती मान डोलावली.

तो दिवस सांगणं भाग आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात प्रत्येक प्रयोगाला कुराणातलं एक मूल्य जोडलं होतं. लंबकाच्या पाठाला अमानत: जे दिसलं ते जसंच्या तसं पुढच्याच्या हाती द्यायचं. हा प्रयोग माझ्या मुलीने, छोटीने, माझ्याच खोलीत केला. तीही आमच्याच विभागात शिकवायची आणि या पुस्तकाची सहलेखिका होती. गुरुत्वाचं उत्तर ९.८ ऐवजी ९.४ आलं. छपाईला देताना मी ते गुपचूप ९.८ केलं.

प्रूफ घेऊन ती समितीत उभी राहिली. "अब्बा, अमानतीच्या पाठात खोटा आकडा?"

मी सगळ्यांदेखत म्हणालो, "आधी हात स्थिर ठेवायला शिक, मग मला शिकव."

अध्यक्षांनी मान डोलावली. तिने प्रूफ टेबलावर ठेवलं. पुस्तकावरून तिने स्वतःचं नाव काढून घेतलं. पुढे दोन वर्षं घरी यायची, आईशी बोलायची, माझ्यासमोर पाण्याचा पेला ठेवून निघून जायची. मग तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत ती गेली. मी माफी मागितली नव्हती.

तिची प्रयोगवही उघडायला मला तीन महिने लागले. तक्त्याखाली शेरा होता: "पंखा चालू. अब्बांना उकडतंय, बंद करा म्हटलं नाही."

लंबक माझ्या पंख्याच्या वाऱ्याने हलला होता. तिला ते ठाऊक होतं, तरी समितीत पंख्याचं नाव न काढता तिने माझी लाज राखली. माझ्याच्याने हे सोसवत नाही.

म्हणून पुस्तकाचे हक्क विभागाला, एका अटीवर: नव्या आवृत्तीत ९.४ छापावं, शेऱ्यासकट, आणि लेखक म्हणून आधी तिचं नाव. माझी लाज राखू नये.

साक्षीदार: शेजारचे डॉक्टर (सही), पुस्तकांचा बाइंडर (सही).
लिहून ठेवणार: छोटीचे अब्बा (सही).
ठिकाण: तीच खोली.
दिनांक: सोळा मे, भर दुपार.
शेरा: पंखा बंद.