शाहीनसाठी फुंकर

१२ फेब्रुवारी २००७, अकोला

पोचलो बाप्पा एकदाचा! शेंदूरजनाघाटहून निघालो तवा माय अशी रडून राहिली होती, जसा मी दुबईलेच चाललो. हातात संत्र्यांची पिशवी, मांडीवर क्लॅरनेटची पेटी. आमची बँडपार्टी मोडली. खेड्यापाड्यात आता लग्नं मुकाट्यानं उरकतात, बँड सांगते कोण? पण मे महिन्यात माह्या बहिणीचं, आचलचं लग्न आहे, अन् तिथं मीच वाजवणार. पोट्टीनं शब्दच घेतला माह्याकडून.

ज्यांच्याकडं कामाले आलो ते वाहेदभाई जुने टीव्ही गेम दुरुस्त करतात. वर त्यांचं घर, खाली दुकान, मागच्या खोलीत मी. मुलाखत तं गमतीचीच झाली. शिक्षण इचारलंच नाही. क्लॅरनेट पाहून म्हणे, एक सूर किती लांब धरतं? मी धरून दाखवला. त्यांच्या घरच्या, शहाजादीभाभी, पडद्याआडून बाहेर आल्या, डोळ्यांत पाणी. मी लय फुशारलो.

१५ फेब्रुवारी

काम सोपं आहे. गेमच्या कॅसेटच्या तोंडाशी तांब्याच्या पट्ट्या असतात, त्याच्यावर हिरवा गंज चढते. खोडरबरनं हलक्या हातानं घासायचं, कापसावर स्पिरिट घेऊन पुसायचं, वाळू द्यायचं. फुंकर मारायची नाही. अन् आम्ही पोट्टे जल्मभर फुंकरच मारत आलो! वाहेदभाई म्हणतात, गंज त्यानंच चढते, तोंडाची वाफ तांबं खाते.

एक लाल कॅसेट मात्र येगळी. ती शाहीनची, त्यांच्या पोरीची. परवासाली दम्यानं गेली ती. तिले फुंकर जमत नव्हती, बापच मारून देत जाय. ही कॅसेट रोज दुपारी लावायची, अन् हिच्यात मात्र फुंकर मारायची. वाहेदभाईले दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागते, म्हणून ते काम माह्याकडं. भाभी समोर बसून पाहतात. मायबापाचं मन आहे. एवढं तं करूच शकते माणूस.

२ मार्च

सकाळी लाल कॅसेट घासून लखलखीत केली, दुपारी पाहतो तं हिरवीगार. एका फुंकरीनं इतका गंज?

पडद्यावरचा छोटा माणूस उड्या मारते, पण बटनं कोणीच दाबत नाही. मी हसत इचारलं, हा आपोआप चालणारा नमुन्याचा खेळ आहे का? वाहेदभाई म्हणाले, शाहीन खेळून राहिली. मस्करी करत नव्हते. मंग भाभींनी मले वाटीभर खीर देली.

१९ मार्च

फुंकर मारताना ओठ सुटत नाहीत. आतून कोणी तरी ओढते, पोरगं नळीनं शेवटचं सरबत ओढते तसं. पहिले एका फुंकरीत भागत होतं. आता पुरतच नाही.

क्लॅरनेटवर सूर धरला, मधातच तुटला. धूळ असन. अकोल्यात धूळ लय.

१ एप्रिल

आज मुद्दाम फुंकर मारली नाही. घासली, पुसली, लावली. पडदा निळा. मंग टीव्हीतून घरघर सुरू झाली, दम्याच्या माणसाची असते तशी. वाहेदभाई माह्या पायाशी वाकले. भाभी ओढणी तोंडात कोंबून रडून राहिल्या. वाहेदभाई म्हणे, पोरीचा जीव घाबरा झाला, बेटा, एक डाव. मले पाहवलं नाही. मारली.

९ एप्रिल

वाहेदभाईले धरून इचारलं, तुमची धाप कवापासून? म्हणे, ती गेल्यापासून. रोज मीच फुंकर मारत होतो, मंग माह्या छातीत काही उरलंच नाही. तुह्या छातीत लय आहे, म्हणून तुले—

मी तोंडाले येतील त्या शिव्या देल्या. ते रडून राहिले होते, अन् मीही.

१२ एप्रिल

पॉलिशपेपर घेतला अन् त्या पट्ट्याच खरवडून काढल्या. तांब्याचा कण ठेवला नाही. सुटलो, म्हटलं.

दुपारी पट्ट्या जागच्या जागी. हिरव्या. ओल्या.

१६ एप्रिल

पेटी घेऊन निघालो. पानठेल्यापर्यंत गेलो अन् धाप लागून खालीच बसलो. पानवाल्यानं ऑटोत घालून परत दुकानातच आणून सोडलं. भला माणूस.

२० एप्रिल

थुंकी हिरवी.

२३ एप्रिल

आचलचा फोन. हळद मे महिन्याच्या दोन तारखेले. दादा, येतं ना, क्लॅरनेट आणतं ना? हाव म्हणालो— तेवढ्यातही मधात थांबा लागलं. हसली. म्हणे, पळत आला का फोनवर?

२५ एप्रिल

लाइट नाही. टीव्ही चालू.

त्यातून क्लॅरनेट— माहं. आचलच्या लग्नासाठी बसवलेली चाल. सूर लांब, कुठं तुटत नाही. पेटी उघडली. चाव्या समद्या हिरव्या. फुंकलं. काहीच नाही—

शाहीन वाजवून राहिली. माह्या श्वासावर. भाभी टाळ्या—

वाहेदभाई उशाशी. लाल कॅसेट माह्या ओठाले लावून राहिले. म्हणे, थोडंसंच, बेटा, पोरीचं गाणं अर्धं राह्यलं—

आचल, मी तुले शब्द—