लग्नाला न बसलेल्या बायका

१४ नोव्हेंबर २०१७

"ही तुझ्या भावाची कोण?" हवालदारानं विचारलं.

मी "वहिनी" म्हटलं. तो म्हणाला, "वहिनी म्हणजे लग्न झालंय?" रूपीवहिनी शेजारी बाकावर. हात गळ्यात बांधलेला, ओठ सुजलेला, मांडीवर पोरगी झोपलेली. काल दादानं – माझ्या सख्ख्या भावानं, नवीननं – तिला लाकडानं मारलं आणि पोरीसकट घराबाहेर काढलं. मी तेव्हा समोरच्या शेतात होते, सगळं पाहिलं. धावत गेले तोवर दार लागलं होतं.

लग्न नाही झालेलं. आमच्या वारल्यांत लगेच कुठे होतं? पोरगी घरी आणायची, संसार मांडायचा. हाताशी काही आलं की मग धवलेरीला बोलवायचं. धवलेरी म्हणजे आमच्यात लग्न लावणारी बाई. ती गाणार, मग लग्न. आईबाचंसुद्धा अजून राहिलंय! हे सगळं चौकीत उभं राहून कसं सांगायचं?

"नवराच नाही, तर नवऱ्याचं कलम कसं लावू?" मग मी अॅट्रॉसिटीचं काढलं, कॉलेजात ऐकलं होतं. तो हसला. "तुझा भाऊ कोण? आदिवासीच ना? मग ते कसं लागेल?" शेवटी साध्या मारहाणीची एन.सी. लिहून दिली, म्हणजे नुसती नोंद, तपास नाही.

बायको म्हणून एका कलमात बसत नाही, आदिवासी म्हणून दुसऱ्यात बसत नाही. मार मात्र अख्ख्या बाईला बसला.

१५ नोव्हेंबर

वहिनी पोरीला घेऊन रानशेतला, तिच्या भावाकडे गेली. मी दुकानात. औषधं चुकीची काढत होते. मालक म्हणाले, "वर्षा, खोकल्याच्या बाटलीनं कुणाचा गुडघा बरा होत नाही!" गिऱ्हाईकसुद्धा हसलं. मीही हसले. मग आत जाऊन रडले.

२७ नोव्हेंबर

आज एक बाई भेटल्या. चंद्रिका मॅडम, संरक्षण अधिकारी. घरात छळ होणाऱ्या बायकांचे अर्ज त्या कोर्टात नेतात. पंखा बंद, टेबलावर फायलींचा ढीग, आणि तरी वहिनीकडे अशा बघत होत्या जणू दिवसभरात दुसरं कुणी येणारच नाही!

त्यांनी "लग्न झालंय का" विचारलंच नाही. विचारलं, "एकत्र राहत होता? गाव तुला काय म्हणायचं?"

वहिनी म्हणाली, "नवीन्याची बायको. अजून काय म्हणंल?"

"मग झालं," मॅडम म्हणाल्या. घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात त्यांनी बोट ठेवून दाखवलं – विवाहासारखं नातं. तेही चालतं! मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. एवढा मोठा कायदा, दिल्लीत लिहिलेला, आणि त्यात माझ्या वहिनीला बसायला जागा! अंगावर काटा आला.

तरी माझी अक्कल बघा. मी मधेच म्हटलं, "मॅडम, आधी सामुदायिक विवाहात दोघांचं लग्न लावून घेऊ का? म्हणजे केस पक्की होईल." वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. "मार खायला लगीन लागलं नाय. मार थांबवायला कशाला लागंल?"

मॅडम हसल्या आणि माझी ती सूचना तिथेच मेली, ते बरं झालं!

तिला काय हवं, तेही तिनं सरळ सांगितलं. पैसे नाहीत, दादाला तुरुंग नाही. आमच्या बाच्या शेतातलं कुडाचं घर, जिथं ती आणि दादा राहायचे ते. "भिंती मी लिंपल्यात. पोरीला घेऊन तिथं राहीन. त्यानं हात उचलायचा नाय." एवढंच. मला ती आज फार उंच वाटली.

१० जानेवारी २०१८

दादाला नोटीस गेली. दुपारी डहाणू रोडला, दुकानावरच आला. वापीच्या कंपनीत कायम झालाय. चांगला शर्ट, नवे बूट. उंबरगावकडची मुलगी बघितलीय. होळी झाली की लग्न, रीतसर. ती त्याच घरात येणार.

म्हणाला, "वकील सांगतो, रूपी आपल्याकडं शेतावर मजुरीला होती, तिथंच राहायची, असं सांगायचं. पाड्यातले दोघं तयार हायत. पण तू शिकलेली. तुझं कोर्ट ऐकंल. तेवढं सांग माझ्या बाजूनं."

मी म्हटलं, "दादा, आणि तुझी पोरगी?"

"तिचं मी बघीन."

आठवीत शाळा सोडून तो वीटभट्टीवर गेला, म्हणून मी आश्रमशाळेत टिकले. आमच्या घरात पदवी आली ती त्याच्या पाठीवरून आली. त्यानं हे बोलूनही दाखवलं नाही. बोलला असता तर सोपं झालं असतं. जाताना नेहमीसारखा माझ्यासाठी वडापाव ठेवून गेला. पडून राहिला. मग खाल्ला.

२ फेब्रुवारी

अजून हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही.

४ मार्च

आज जे पाहिलं ते लिहिताना हात थांबत नाही!

दादाच्या लग्नाचा दिवस धरायला गंगी धवलेरी आली होती. आमच्यात आईबापाचं लग्न लागलेलं नसेल तर पोराचं लागत नाही. आधी ते बसतात, मग त्याच मांडवात पोरगा. म्हणजे आई आणि बाचं आधी. बा खूश! गंगी बाला म्हणते, "लहान्या, हळद लावायला दाढी तरी खरवड, नायतर नवरी पळून जाईल!" बा म्हणाला, "पळायची ती कवाच पळाली असती." सगळे हसले. दादासुद्धा.

आई तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाय बसत."

कुणाला कळलंच नाही. बा म्हणाला, "कुठं नाय बसत?"

"मांडवात." मग तिनं सूप खाली ठेवलं. "नवीन्या, तुझा वकील काय बोलतो? लगीन नाय लागलं ती बायको नाय. मजूर. मग मी कोण? एवढी वरसं तुझ्या बापाकडं मजुरीलाच हाय ना? मजूर कशाला नवरी होईल?"

दादा म्हणाला, "आये, ते कोर्टात बोलायचं असतं. तुला कोण बोललं?"

"तिला बोललास ते मला लागलं."

गंगीनं पिशवी उचलली. "सोमी बसत नाय तर माझं गाणं नाय." आणि निघाली! लग्न लावणारी बाई लग्न न लावता चालली आणि तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. आई पुन्हा पाखडायला लागली. मी तिच्या हातांकडे बघत बसले. ही माझी आई!

११ मार्च

चंद्रिका मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले, मग कामाचं बोलल्या. रीतीनं लग्न अडलं, पण घराचा निकाल कोर्ट देणार. पाड्यातल्या दोघांनी दादाच्या बाजूनं लिहून दिलंय – रूपी मजूर होती. ते तसंच राहिलं तर विवाहासारखं नातं सिद्ध कसं होणार? "घरातलं कुणी बोलेल?"

आईला विचारलं. ती म्हणाली, "मांडव अडवला. कोर्टात नाय जाणार. पोटचा हाय." मला तिचा राग आला नाही. जेवढं तिच्या हातात होतं तेवढं तिनं केलं, आणि ते कुणीच केलं नव्हतं.

मॅडमनी माझ्यावर जोर टाकला नाही. "तुझं तू ठरव," म्हणाल्या. अशी माणसं जास्त अवघड!

२५ मार्च

रानशेतला गेले. वहिनीच्या हाताची सूज उतरलीय. परक्याच्या वाडीत चिकू तोडायला जाते. पोरगी विचारत होती, "आत्या, आपलं घर कुणी लिंपलं का?" वहिनीनं मला साक्षीचं एका शब्दानं विचारलं नाही. भाकरी वाढली, निघताना पिशवीत चिकू घातले. "पिकायचे हायत, लगेच खाऊ नको."

९ एप्रिल

दादाचा फोन. "शुक्रवारी तारीख हाय. येतेस ना?" मी म्हटलं, "येते."

तो बरं म्हणाला. मोकळा झाल्यासारखा.

१२ एप्रिल

काल प्रतिज्ञापत्रावर सही केली. वहिनीच्या बाजूनं. ती आमच्या घरात दादाची बायको म्हणून नांदली, आणि त्यानं तिला मारताना मी पाहिलं, हे माझ्या नावानं लिहून दिलं. उद्या कोर्टात ऐकण्याआधी त्यानं माझ्याकडूनच ऐकावं म्हणून आज घरी गेले. अंगणात उभ्या उभ्या सांगितलं.

दादा म्हणाला, "ह्यासाठी शिकवलं तुला?"

मी हो म्हटलं.