केंद्र क्रमांक सात

बारामती,
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय संजीवनीताई,

नमस्कार. घरी सगळे बरे असाल. पेरूला फळ कसं धरलंय? दाजींची पाठ आता कमी दुखते का?

माझं बरं चाललंय. पीएच.डी. मिळाल्याचं तुला कळवलंच होतं. कॉलेजात सत्कार झाला. ‘कृषी पर्यटन उद्योगांची स्पर्धात्मकता आणि संकटकाळ’ हा विषय प्राचार्यांनी दोनदा चुकीचा वाचला. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस.

त्यानंतर तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही. पेपर तपासायचे होते असा मेसेज केला. तसं काही नव्हतं.

रविवारी इथल्या मार्केटात तुझे दीर भेटले. सोपानराव पेरूचे क्रेट उतरवत होते. मला बघून हात पुसत आले. म्हणाले, “मॅडम, वहिनी तुमचं ऐकत्यात. त्यास्नी एवढं सांगा, म्या कुणाला काय बोललो न्हाय.”

मी क्रेटमधल्या पेरूंकडे बघत राहिले.

“म्हैनाअखेर आमच्या प्रगतीची सुपारी हाय. काकीबिगर पाटावर बसणार न्हाय म्हणतीया. आमच्यात काय आसंल ते आसंल, पोरीचा काय दोष?”

‘सांगते,’ एवढं म्हणून मी निघून आले. तीन दिवस झाले.

ताई, सोपानरावांनी खरंच कुणाला सांगितलेलं नाही. मला ते पक्कं माहीत आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत तुझ्या कृषी पर्यटन केंद्रावर पुण्याच्या शाळेची सहल आली होती. ती चौथीतली मुलगी शेततळ्याच्या प्लॅस्टिकच्या कागदावरून घसरून पाण्यात गेली. सोपानराव कपड्यांसकट उतरले आणि त्यांनी तिला बाहेर काढलं. पोर वाचली. बोभाटा नको, असं तू आणि तिच्या बाईंनी ठरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तू तळ्याला जाळीचं कुंपण घालून घेतलंस. ही गोष्ट तुला, दाजींना, सोपानरावांना आणि त्या बाईंना माहीत होती. पाचवी मी. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता तू मला सांगितलंस आणि म्हणालीस, “हे वहीत नको गं लिहू.” मी वही मिटली.

एसटीत बसल्यावर पुन्हा उघडली.

लॉकडाऊनबद्दल मी अभ्यासलेल्या चौदाही केंद्रांनी मला एकच सांगितलं होतं. बंद पडलं, नुकसान झालं, पुन्हा उभं केलं. माझे मार्गदर्शक म्हणत होते की संकटाचं प्रकरण कोरडं झालंय. तुझ्या तळ्याने ते जिवंत झालं. नाव घातलं नाही. ‘केंद्र क्रमांक सात’ एवढंच. पण इंदापूर तालुका, पेरूची बाग, बाईने चालवलेलं केंद्र, हेही लिहिलं. तेवढ्यावरून कुणाला काय कळणार, अशी मी स्वतःची समजूत घातली.

सप्टेंबरात पुण्याच्या चर्चासत्रात मी तेच प्रकरण वाचलं. चहाच्या वेळी शाळांच्या सहली नेणारे एक गृहस्थ जवळ आले. “मॅडम, हे सातवं केंद्र कळसचं का?” नाही म्हणता आलं असतं. निदान सांगता येणार नाही, असं तरी. पण लोक माझ्याभोवती उभे होते, कौतुक करत होते. मी मान हलवली.

दिवाळीच्या आत तुझ्या सगळ्या सहली रद्द झाल्या.

पत्र इथेच संपवायचं ठरवलं होतं. पण एक राहतंय, आणि तेच मला सगळ्यात जड जातंय.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी तुझ्याकडे आले होते. रिकाम्या पडवीत आपण दोघीच होतो. तू म्हणालीस, “कुणीतरी तळ्याचं पुण्याला कळवलंय. भाऊजीच असतील. त्यांच्या रानातनं बस जायची, ते त्यांना कधी पटलंच नाही.” मग माझ्याकडे बघून विचारलंस, “तुला काय वाटतं?”

मी म्हटलं, “असू शकतं.”

त्या संध्याकाळी तू त्यांच्या घरचा फराळ परत पाठवलास. मी तिथेच होते.

त्या प्रकरणावरून छापलेला लेख मागे घ्यायला मी संपादकांना लिहिलंय. मार्गदर्शकांनाही सगळं सांगितलं. पदवीवर चौकशी येईल म्हणाले. येऊ दे. रविवारी कळसला येते आणि सोपानरावांना तुझ्यासमोर सांगते.

ताई म्हणायचा अधिकार उरला असेल तर,
तुझी
अश्लेषा


कळस,
३ मार्च २०२५

अश्लेषा मॅडम यांस,
नमस्कार.

पत्र मिळालं. रविवारी येऊ नका असा निरोप मीच धाडला होता. भाऊजींकडे आधी मला जायचं होतं, आणि एकटीने.

ते बागेत फळांना पिशव्या बांधत होते. मी बांधावर उभी राहून तुमचं पत्र वाचून दाखवलं. भाऊबीजेच्या ठिकाणी आल्यावर मी थांबले. त्यांनी पत्र हातात घेतलं आणि पुढचं स्वतः वाचलं. मग म्हणाले, “वहिनी, त्या बाईनं नुसतं आसू शकतं म्हणलं. इस्वास तुमी ठिवला.” ज्याने पाण्यात उडी टाकली त्याच्यावरच मी आळ घेतला, तोही तीन महिने.

प्रगतीच्या सुपारीला गेले. तिच्याजवळ बसले. भाऊजी अजून माझ्याशी कामापुरतंच बोलतात.

लेख मागे घेऊ नका. तळ्याला कुंपण नव्हतं, हे खरंच होतं. दुसऱ्या कुणी वाचून तरी आपल्या तळ्याला घालतील. फक्त त्यात ‘स्थानिक व्यक्तीने वाचवलं’ असं लिहिलंय म्हणे. तिथे सोपान हे नाव घाला, भाऊजींना विचारलंय. माझंही घाला. त्या मुलीच्या आईला मी परवा फोन करून सगळं सांगितलं. शाळेतल्या बाईंनी त्यांना पाय घसरून भिजली एवढंच कळवलं होतं. त्या खूप बोलल्या. मी ऐकून घेतलं. ते दोन वर्षांपूर्वीच ऐकायला हवं होतं.

सहली येतील तेव्हा येतील. तोवर पेरू आहेत.

तुम्ही पत्र चांगल्या मनाने लिहिलंत, हे मला कळतं. पण त्या दिवशी पडवीत तुम्ही माझ्या शेजारी बसला होता, माझ्या ताटातलं खात होता. ते अजून जात नाही. आता लगेच येऊ नका. बोलवावंसं वाटलं की मी फोन करीन. तो मात्र उचला.

वर आधी नुसतं अश्लेषा लिहिलं होतं. तो कागद फाडला.

संजीवनी