‘बिटवीन’चं पहिलं अक्षर

६ फेब्रुवारी

चि. प्राध्यापकास,
अ. उ. आ.

बाबांच्या इंग्रजी पुस्तकाच्या कव्हराचं प्रूफ तू दुरुस्त करून परत पाठवलंस, ते पोचलं. हसून हसून माझ्या हाताखालच्या पोरींच्या डोळ्यांत पाणी आलं. ‘व्हेन द लिफ्ट इज स्टक बिटवीन फ्लोअर्स’ या नावात तू ‘इज’चा कॅपिटल आय बारीक केलास. का, तर म्हणे शब्द छोटा! अरे, ते क्रियापद आहे. शीर्षकातले शब्द मोठ्या अक्षराने सुरू करणाऱ्या नियमपुस्तिका एरवी एकमेकींच्या झिंज्या उपटतात, पण क्रियापद मोठंच, यावर त्यांचंही एकमत आहे. माझा भाऊ इंग्रजी शिकवून पोट भरतो, हे मी आमच्या प्रकाशनात कोणाला सांगत नाही.

वर ‘बिटवीन’चा बी मोठा केलास. चार अक्षरांपासून पुढचं शब्दयोगी अव्यय वर्तमानपत्रवाले मोठं करतात, म्हणून. आम्ही पुस्तकं छापतो, रद्दी नाही. आमच्याकडे ते कितीही लांबलचक असो, बारीकच राहतं.

लेखकाच्या बाजूची सही आल्याशिवाय आमचं कव्हर छापायला जात नाही, आणि बाबांनी सहीचा अधिकार तुला देऊन ठेवलाय. तेव्हा मुकाट्याने सही कर. डोळ्यांचे डॉक्टर त्यांना म्हणालेत, वाचायचं ते या वर्षात वाचून घ्या, पुढचा भरवसा नाही. आयुष्यभर त्यांनी अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढली. त्या कामावरचं आपलं एकुलतं एक पुस्तक त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचंय.

तुझ्या बायकोला आठवण सांग. तिची मला कीव येते.

तुझ्यावर नाइलाजाने लोभ असलेली,
ताई


२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

‘इज’चं मान्य. घाईत झालं. तेवढ्यावरून पोरींना हसू फुटतं, म्हणजे तुमच्या ऑफिसात करमणुकीची फारच वानवा दिसते.

‘बिटवीन’वर मात्र मी तसूभरही हटणार नाही. त्या पुस्तकाचा सगळा जीव त्या एका शब्दात आहे. माणूस दोन मजल्यांच्या मध्ये लटकलाय, आणि तू नेमका तोच शब्द बारीक करतेस! मी आमच्या ग्रंथपालांनाही विचारलं. त्यांच्या पद्धतीत पहिला शब्द सोडला तर सगळंच बारीक. मला तेही चालेल. तुझं चालणार नाही, कारण तुझ्या नियमामागे तुझ्या हट्टापलीकडे काही नाही. लहानपणी कॅरमचे नियमसुद्धा तू हरायला लागलीस की बदलायचीस.

परवा बाबा आले होते. कशात अडलंय म्हणून विचारत होते. मी म्हटलं, ताईला विचारा.

प्रूफ सोबत परत. सही केलेली नाही.

मोठी आहेस म्हणून केवळ नमस्कार करणारा,
प्राध्यापक


२८ एप्रिल

चि. प्राध्यापकास,
आशीर्वाद. या वेळी एकच, आणि तोही जड हाताने.

ग्रंथपाल म्हणे! उद्या पोस्टमनलाही विचारशील. आमचे साहेब कंटाळून म्हणाले, कसंही छापा, गिऱ्हाईक कुठे बघतंय. मी साफ नकार दिला. माझ्या टेबलावरून आजवर चुकीचं कव्हर गेलेलं नाही, आणि वडिलांच्याच पुस्तकापासून सुरुवात करायची माझी इच्छा नाही.

बाबांचा फोन आला होता. मी म्हटलं, प्राध्यापकाला विचारा. आता त्यांना पेपरातले फक्त मथळे दिसतात. तुझे लाडके वर्तमानपत्रवाले तेवढे कामाला आले म्हणायचे.

नवं प्रूफ पाठवते आहे. बी बारीकच आहे.

लोभ शिल्लक आहे, पण फार ताणू नकोस.
ताई


७ जुलै

चि. ताई आणि चि. प्राध्यापक,
दोघांना मिळून अ. उ. आ.

अक्षर मोठं आहे ते रागाने नाही. याहून बारीक लिहिलेलं मला दिसत नाही.

पुस्तक छापून झालं. तुमची सही काही होत नव्हती, म्हणून मी कागद उचलले आणि आमच्या गल्लीतल्या छापखान्यात गेलो. तिथे दुकानांच्या पाट्या छापतात. छापखानेवाल्याने विचारलं, कव्हरावर कुठलं अक्षर मोठं आणि कुठलं बारीक? मी म्हटलं, सगळी मोठी. आतलाही टाइप टपोरा. त्याने काही वाद घातला नाही. रोज सकाळी उजेडात बसून पान-दोन पानं वाचतो. चांगलं लिहिलंय मी.

लिफ्ट अडकली की आम्ही आधी आतल्या माणसाला हाक मारायचो. घाबरू नका, आम्ही आलोय, असं सांगायचो. दार कुठून उघडायचं ते मागाहून. तुम्ही दोघं इतके महिने बाहेर उभं राहून दारावरून भांडलात. आतल्याला हाक एकानेही मारली नाही. मीच विचारत आलो, तर एकमेकांकडे बोट दाखवलंत. माझ्या हाताखालच्या कारागिराने असं केलं असतं, तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवला असता.

अर्पणपत्रिकेत तुम्हा दोघांची नावं होती. आधी कोणाचं, यावर आणखी वर्ष गेलं असतं, म्हणून ते पान कोरं सोडलं.

आशीर्वाद आहेत, बापाला ते आवरता येत नाहीत. लोभ ठेवायचा की नाही, ते आपापल्या नियमपुस्तिकेत बघून कळवा.

बाबा