मदर संपली

तीर्थरूप सर्जेरावमामांच्या पायाशी जामनगरहून भाचा अमृतचा दंडवत. तुमची कंबर, मामींचा दमा, काळी म्हैस आणि किकवीच्या फाट्यावरचं पंक्चरचं दुकान, चारीही ठीक असतील अशी आशा हाये. मी हितं बरा हाये असं लिहायची पद्धत हाये म्हणून लिहितो. खरं काय ते पुढं येईलच.

पत्र बघून तुमी दचकला असाल (मी आठवीतनं उठलेला माणूस, पत्र लिहितोय म्हणजे काहीतरी झालंच असणार). फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर. दुकानात टायर घेऊन बसलेला माणूस ऐकतो, तो भाटघरच्या टेम्पोत बोलतो, आणि तुमी फोन ठेवायच्या आत माझी गोष्ट आईच्या चुलीपाशी पोचलेली असते. मेसेजचं तर नावच काढू नका. मेसेजनंच हे सगळं केलं.

तुमी सोमवारी दुपारी भोरातनं मला लिवलंत: "मदर संपली. डॉक्टर म्हणाले दुसरी पुण्याहून मागवली आहे. आली की कळवतो. तू घाई करून येऊ नको." मामा, तुमचा ह्यात काही दोष न्हाई. पण आपल्या घरात वाईट बातमी इंग्रजीतनं देण्याची तुमची रीत हाये. आण्णा गेले तवा तुमी मला "फादर ऑफ" एवढंच लिवलं होतंत, आणि ते खरं निघालं. मग "मदर संपली" वाचून मी दुसरं काय समजणार? दुसरी पुण्याहून मागवली म्हणजे गाडी मागवली, नेण्यासाठी, असा अर्थ म्या लावला. आणि घाई करू नको म्हणजे आता घाईचा उपयोग न्हाई.

म्या तुमाला फोन लावले. तुमी वेल्ह्याच्या पल्याड कुणाच्या तरी सोयरिकीला गेलेला, तिथं रेंज न्हाई. आईला बावीस फोन लावले, तो बंद. माणूस गेल्यावर फोन कोण चालू ठेवतंय, असं मला वाटलं. आईचा फोन बंद का होता ते मला नंतर कळलं. गोड गोळ्यांच्या डॉक्टरनं सांगितलंय की गोळ्यांपासनं वासाच्या वस्तू आणि मोबाईल लांब ठेवा. म्हणून तिनं कापूर शेजारी देऊन टाकला, आणि मोबाईल बंद करून तांदळाच्या डब्यात पुरला. मला फोन करायचा झाला की तेवढा उकरून काढते.

ह्या डॉक्टरची गोष्ट तुमाला सांगायला पायजे, कारण दिवाळीत मीच तिला दोन्ही दवाखान्यांत घेऊन गेलो होतो. आधी सरकारी. बाई चांगल्या हायेत, पण दारात चाळीस माणसं. दंडाला पट्टा बांधला, फुस्स केलं, एकशे सत्तर म्हणाल्या, गोळी रोज घ्यायची, बंद करायची न्हाई, पुढचा. बाहेर आल्यावर आई म्हणाली, "पुढचा हे माझ्या आजाराचं नाव हाय का रं?" मग गुडघ्यासाठी भोरातल्या गोड गोळ्यांच्या डॉक्टरकडं गेलो. तिथं एक तास. तहान किती लागते, घाम कुठल्या अंगाला येतो, विजेची भीती वाटते का, सापाची, एकटं राहायची, मरणाची. मी नुसता सोबत गेलेलो, पण ती यादी ऐकता ऐकता मला त्यातल्या निम्म्या गोष्टींची भीती वाटायला लागली, आणि ती अजून गेलेली न्हाई. शेवटी त्यांनी विचारलं, स्वप्न काय पडतं. आई पदर तोंडाला लावून बसली आणि मग म्हणाली, भोरच्या स्टँडवर अमृत एसटीतनं उतरतो आणि मला तो ओळखूच येत न्हाई. ते त्यांनी वहीत लिवलं. मामा, आईच्या उभ्या जन्मात तिचं बोलणं पहिल्यांदा कुणीतरी लिवून घेतलं. तवापासनं त्या डॉक्टरचा शब्द म्हणजे तिला देवाचा शब्द. (गोळ्या साबुदाण्यासारख्या. हात लावायचा न्हाई, झाकणातनं तोंडात. गुडघा थोडा हलका वाटतो म्हणते. शिवाय पाण्यात टाकून घ्यायचे कसले तरी थेंब. त्या थेंबांच्या बाटलीला दवाखान्यात मदर म्हणतात, हे तुमी मेसेजच्या आधी एकदा बोलला असतात, तर माझ्या डोक्यावर आज केस असते.)

होय, केस. गावाकडं यायची गाडी संध्याकाळची होती. पितळ घासायच्या मशीनवर माझ्या शेजारी जो बिहारी पोरगा हाये त्याला म्या रडत सांगितलं. तो मोठा धार्मिक. म्हणाला, अग्नी द्यायला तू पोचणार न्हाईस, हितंच केस उतरव. न्हावीबी कारखान्याच्या दारातच. मिशीपासनं सुरुवात झाली. ती गेली, निम्मं डोकं गेलं, आणि मांडीवरचा फोन वाजला. वर नाव: आई.

मामा, मी भित्रा न्हाई हे तुमाला माहीत हाये. धरणात पोहताना पाय अडकला तवाबी ओरडलो न्हाई. पण त्या फोनला हात लावायची माझी हिंमत झाली न्हाई. वाजून वाजून थांबला आणि परत वाजला. वस्तरा थांबला. शेवटी बिहारी पोरानं उचलला, ऐकला, पांढरा पडला आणि म्हणाला, "भैया, माताजी पूछ रही है, खाना खाया क्या."

मी बोललो, रडलो, हसलो. न्हाव्यानं तेवढ्यात उरलेलं डोकं उरकून घेतलं (अर्धं ठेवून करायचं तरी काय). मग सहज म्हणून विचारलं, बीपीची गोळी घेतलीस का? आई म्हणाली, "ती साळूकडं ठिवलीया. डॉक्टरनं सांगितलंय, दोन औषधांत अंतर ठेवा. एका घरात कसं अंतर राहील?"

डॉक्टर अर्ध्या तासाचं अंतर म्हणाले होते. मी तिथंच बसलो होतो, म्या ऐकलं होतं. आणि वर बजावलं होतं की बीपीची गोळी बंद करायची न्हाई. आईनं त्यातलं अंतर तेवढं उचललं आणि पाकीट चार शेतं पल्याड साळूकाकूच्या फळीवर नेऊन ठेवलं. काकू लेकीच्या बाळंतपणाला शिवऱ्याला गेलेली. घराला कुलूप. नऊ दिवस. म्हणजे ज्या मरणाला मी चुकून रडलो ते खरोखरचं वाटेला लागलेलं होतं, फक्त पोचलं नव्हतं.

गावात दवाखान्याचं काम बघणारी आशाताई, प्रेरणा, तिला म्या लगेच फोन केला. ती बिचारी तशीच गेली, पट्टा बांधला, एकशे नव्वद निघालं. तिनं त्याच पावली आईला सरकारी दवाखान्यात नेलं, नवं पाकीट आणलं, एक गोळी समोर खायला लावली. आता पाकीट गोठ्यात हाये. अंतर हाये ना. रोज घेतेस का विचारलं तर "घेते की" म्हणते, पण मामा, घरात भाकरी कमी असायची तवा ती "मी जेवले की" ज्या आवाजात म्हणायची, तो हाच आवाज.

तर एवढं करा. ती दुसरी मदर पुण्याहून आली की आईला संगं घेऊन त्या डॉक्टरकडं जा. सरकारी बाईंचं ती ऐकणार न्हाई, माझं तर न्हाईच. त्यांच्याच तोंडून तिला सांगायला लावा की अंतर घड्याळातलं, शेतातलं न्हाई. आणि ते त्यांनी वहीत लिवावं, तिच्यादेखत. लिवलेलं ती मानते.

मामींना नमस्कार, म्हशीच्या पाठीवर हात.

तुमचा भाचा,
अमृत

ता. क. त्या सोमवारनंतर माझी छाती धडधडायची थांबेना म्हणून हितल्या डॉक्टरला दाखवलं. दोन मिनिटं. पट्टा, फुस्स, दीडशे. आठ दिवसांनी परत तपासायला बोलावलं. मी गेलो न्हाई. भीती वाटते. हे आईला सांगू नका, ती माझंच उदाहरण देईल.

ता. क. दुसरा. महिनाअखेरीला मी येतोय. खरी विनंती ही हाये. आई असताना मुंडण केलेला लेक दारात उभा राहिला तर तिचं बीपी कुठं जाईल ते कुठल्याच डॉक्टरला आवरणार न्हाई. नवस होता म्हणून सांगा, देव तुमी ठरवा. तुमची एक टोपी घेऊन स्टँडवर या, आपल्या डोक्याचं माप एकच हाये. आणि तिला संगं आणलंत तर तिचा हात धरा, आणि मी एसटीतनं उतरायच्या आधीच तिला सांगा, की हा येतोय तो अमृतच हाये.