संपादकांचा ओला शेरा

४ मार्च, मंगळवार

माणसाला जन्माला येताच काही हक्क मिळतात म्हणे. बोलण्याचा, जगण्याचा, वगैरे. कोरड्या मोज्याचा हक्क त्यात घालायचं कोणालाच कसं सुचलं नाही? मानवजातीच्या इतिहासातली ही अक्षम्य चूक आहे आणि तिची नोंद आज मी इथे करून ठेवतो.

सकाळी धुतलेला मोजा चढवला. दाराखालून सरकवलेला पेपर उचलायला गेलो, पहिलंच पाऊल टाकलं — आणि टाचेपासून घोट्यापर्यंत कोमट! कोमट म्हणजे ताजं. पहिल्या पानाचा लगदा झालेला. गुन्हेगार शेजारीच बसलेला. शेपूट हलतंय, चेहऱ्यावर कर्तव्य पार पाडल्याचं समाधान.

गुन्हेगाराचं नाव संपादक. वय वर्षाच्या आतलं. नाव ताईने ठेवलेलं. मी जन्मभर वर्तमानपत्रात विनोदी स्तंभ लिहून पोट भरतो, तेव्हा टोमणा मलाच असणार. गेल्या महिन्यात ताई गेली. तिच्या घरून मी दोनच गोष्टी आणल्या — हा, आणि घराची किल्ली.

किल्ली निदान मुतत नाही.

५ मार्च

बायको प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर लोकांच्या लघव्या तपासते. संध्याकाळी चप्पल काढता काढता सोफ्याखाली तळं दिसलं. म्हणाली, "तिकडे बाटलीतून तेच, इकडे फरशीवरून तेच. पगार मात्र मला एकाच पाळीचा मिळतो."

उपाय मी शोधला. घरात रद्दीला तोटा नाही. दिवाणखाना, स्वयंपाकघर, बोळ — सगळीकडे पेपर अंथरून टाकले. जे व्हायचं ते कागदावर होऊ दे. फरशी तरी बचावेल.

बायको म्हणाली, "घर आहे की भेळेचं दुकान?"

६ मार्च

उपायाचा परिणाम दिसला. उत्पादन दुप्पट!

पूर्वी दिवसातून दोन-तीनदा व्हायचं. आता सुटलाच आहे. या पेपरवर थोडं, त्या पेपरवर थोडं. गोल फिरतो, जागा निवडतो, शांतपणे बसतो. क्रीडा पानही सोडत नाही. मग माझ्याकडे बघतो — कौतुकाची वाट बघितल्यासारखा. मी "अरे गाढवा!" म्हणून ओरडलो की कान पाडतो आणि गोंधळून दुसऱ्या पेपरवर जातो. तिथेही करतो.

बाहेर न्यायचं म्हणजे वेगळीच वरात. जिन्याच्या तोंडाशी आला की चारही पाय रोवून उभा! पायरी नावाची वस्तू जणू त्याने पाहिलीच नाही. उचलून न्यावा लागतो. गळ्यात पायजम्याची जुनी नाडी — दोरी आणायची राहूनच गेली आहे. खालच्या मजल्यावरचे आजोबा म्हणाले, "काय हो, तो तुम्हाला फिरवतोय की तुम्ही त्याला?" रस्त्यावर दिव्याच्या खांबापाशी आम्ही दोघं उभे. तो खांबाकडे बघतो, मी त्याच्याकडे. एक थेंब नाही. घरी आणला, खाली सोडला — सरळ पेपरवर.

८ मार्च, शनिवार

जनावरांच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो.

"घरात केलं तर ओरडायचं नाही. बाहेर केलं की लगेच शाबासकी द्यायची."

"बाहेर करतच नाही."

"मग करेपर्यंत थांबायचं."

"मला नोकरी आहे हो."

"मग तुम्ही नोकरीवरून येईपर्यंत तो थांबेल असं समजायचं." असं म्हणून स्वतःच हसले. विनोद करणारे डॉक्टर मला आवडत नाहीत. त्यांनी आमच्या पोटावर पाय देऊ नये.

काही दुखणं असेल का, अशी शंका होती. ती बायकोने परस्पर मिटवली. काल बाटलीत नमुना घेऊन गेली होती. आज निकाल सांगितला — "साखर नाही. जंतू नाहीत. नुसता माज आहे."

९ मार्च, रविवार

काही नाही. पडून होतो.

दुपारी बायको म्हणाली, "तू अजून रडला नाहीस."

म्हटलं, "सवड कुठे आहे? फरशी पुसतोय ना."

ती हसली नाही. मीही.

१० मार्च

कार्यालयातून फोन. दमानं घ्या, घाई नाही. तुमच्या जागी सध्या शब्दकोडं टाकतोय. वाचकांची तक्रार? मी विचारलं. नाही नाही, तक्रार अजिबात नाही!

कागद पुढ्यात घेऊन बसलो. एक ओळ नाही. वाईटही वाटत नाही, हे जरा चमत्कारिक. दात बधिर केल्यावर जीभ आत फिरवून बघतो माणूस, तसा मी दिवसातून एकदा ताईचं नाव मनात घेऊन बघतो. काही लागत नाही.

११ मार्च

आज टोक झालं.

बायको कामावरून आली, फरशीवर पाय पसरून बसली, चहाचा कप हातात, पेपर पुढ्यात. चष्मा पुसायला म्हणून पेपर खाली ठेवला. संपादक आले. तिच्या डोळ्यांत डोळे घालून, सावकाश, पेपरच्या मधोमध. एक धार तिच्या साडीपर्यंत.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं होतं. उठून साडी बदलली आणि फोन लावला. तिच्या मावसभावाची लाकडाची वखार आहे. त्याला राखणीला कुत्रा हवाच होता. रविवारी येऊन घेऊन जाईल. बांधूनच ठेवतो म्हणे, जाड साखळीला, फाटकाशी. लाकडाच्या भुशात कुठेही करू दे.

"ऐकलंस ना?" तिने विचारलं.

"बरं."

"बरं काय? तुझ्या बहिणीचा कुत्रा आहे. भांड तरी!"

"कशाला?"

बाटलीत भलतंच काही दिसलं की ती जशी बघत असेल तशी माझ्याकडे बघत राहिली.

१३ मार्च

संपादक माझ्या पायावर हनुवटी ठेवून झोपले होते. पायाला मुंग्या आल्या. हलवला नाही. आळस, दुसरं काय.

१४ मार्च, शुक्रवार

मावसभावाचा फोन. आवाज करवतीसारखा. "भावजी, त्याची नेहमीची दोरी असेल ना, ती पण द्या. सवयीची दोरी असली की जनावर लवकर रुळतं. दोन दिवस रडेल, मग गप."

दोरी ताईकडेच राहिली. मीच तिला आणून दिली होती — पिल्लू आलं तेव्हा. किंबहुना कुत्रा पाळण्याची कल्पनाच माझी. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं आणि ती टंगळमंगळ करायची. म्हटलं, कुत्रा पाळ, तो तुला ओढून नेईल.

उद्या जायला हवं. महिना झाला, त्या कुलपाला किल्ली लावलेली नाही.

१५ मार्च, शनिवार

दोरी दाराच्या मागे खिळ्याला होती. लाल. हातात घेतली तर कडक, दुकानातून आत्ता आणल्यासारखी. किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. मी ती चिठ्ठी नखाने खरवडत उभा, तेवढ्यात समोरच्या बाई आल्या. ताईच्याच वयाच्या, ताईइतक्याच बोलक्या. दार उघडं बघून.

"दोरी? ती कशाला हो? तो कुठे खाली गेला कधी!"

"म्हणजे?"

"गॅलरीत पेपर टाकायच्या ना ताई त्याला. एवढासा होता तेव्हापासून. काय शहाणा जीव! पेपर दिसला की तिथेच. एकदा म्हणून फरशी खराब केली नाही."

मी खुर्चीवर बसलो. आमचं घर डोळ्यांपुढे आलं. बोळापासून स्वयंपाकघरापर्यंत अंथरलेले पेपर, त्यांवर इमानेइतबारे हिंडून जमेल तेवढं काम उरकणारा कुत्रा आणि वर त्यालाच "गाढवा" म्हणणारा मी.

"आणि पेपर कुठला, ते नाही विचारलंत," बाई म्हणाल्या.

"कुठला?"

"तुमचं पान! आधी मोठ्याने वाचून दाखवायच्या त्याला. तोही बसायचा हो ऐकत. मग पान खाली अंथरायच्या. म्हणायच्या, चला, आता संपादकांचा शेरा घेऊ." मग माझ्या तोंडाकडे बघून, "रागावू नका हं, भाऊ."

रागावतो कसला! हसलो. मोठ्याने, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. महिन्याभरात पहिल्यांदा. जीभ ताईचीही माझ्यापेक्षा कमी नव्हती. बाईही हसल्या. पदराने डोळे पुसले त्यांनी.

हसता हसता विचारलं, "पण खाली का नेत नव्हती? एवढा आळस?"

बाईंनी पदर सावरला. मग म्हणाल्या, "आता सांगायला हरकत नाही. अहो, कुठून नेणार? पिल्लू आलं त्याच्या आधीपासूनच जिना बंद झाला होता त्यांचा. चार पायऱ्यांवर धाप लागायची. भाजी, औषधं, सगळं मीच आणायचे. मला शपथ घातली होती. म्हणायच्या, ढब्याला कळलं तर इथे येऊन बसेल तोंड पाडून आणि त्याचं लिहिणं बोंबलेल."

ढब्या म्हणजे मी. पन्नाशी उलटलेला.

रविवारी मी जायचो तेव्हा ती दार उघडायची. चहा करायची. घरात बसलेल्या माणसाकडे बघून जिन्याचं काय कळणार?

पण फोन! रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. "आत्ताच आलो रे आम्ही तळ्यावरून." मग तळ्यावरच्या बातम्या. एकाच बाकावर बसून एकमेकींशी फोनवर बोलणाऱ्या दोन मैत्रिणी. बदकांना रांगेत उभं करू पाहणारे निवृत्त साहेब. आणि ते उलटे चालणारे आजोबा — गुडघ्यांना बरं म्हणून तळ्याला उलट्या पावलांनी फेरी मारणारे. एकदा झाडाला धडकले, तर वळून झाडाची माफी मागितली. मी सगळं उचलून स्तंभात घालायचो. स्वल्पविराम तेवढे माझे. आजोबा वाचकांना इतके आवडले की पत्रं यायची, पुढे काय झालं म्हणून. मी ताईला विचारायचो, ती दुसऱ्या दिवशी बघून सांगायची.

बाईंना म्हटलं, "तळ्यावर ते एक आजोबा आहेत ना, उलटे चालणारे..."

"कोणी नाही हो. मी रोज सकाळी जाते. तुमच्या लेखात वाचून मुद्दाम शोधलंसुद्धा. ताईंना येऊन सांगितलं, असं कोणी दिसत नाही. तर गालातल्या गालात हसल्या आणि म्हणाल्या, तुम्ही चुकीच्या वेळेला जाता."

दोरी खिशात घातली. कुलूप लावलं. जिना उतरलो. कठड्याला धरून उतरलो.

घरी येऊन बायकोला सांगितलं. सगळं, क्रमाने. ती ओणवी झाली आणि फरशीवरचे पेपर गोळा करायला लागली. दिवाणखाना, बोळ, स्वयंपाकघर. संपादक तिच्या मागे मागे, चिंताक्रांत. मग तिने फोन लावला.

"उद्या येऊ नकोस रे. नाही, द्यायचा नाही... नाही, त्याची काही चूक नव्हती. चूक आमचीच, त्याला वाचायचं राहून गेलं."

एक पान मात्र तिने बाजूला काढून ठेवलं. ओलं.

"हे टाकू नकोस. उद्या खाली नेऊन झाडाशी ठेव. वासाने कळेल त्याला, आता जागा ही."

"म्हणजे नमुना."

"नमुना."

मग न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ आत राहिली. नळाच्या आवाजाखालून काय ऐकू येत होतं ते मला कळत होतं. दाराशी उभा राहिलो. मला रडू काही आलं नाही.

१६ मार्च, रविवार

ताईच्या घराजवळच्या तळ्यावर गेलो. लाल दोरी. त्याला उचलून जिना उतरलो. पान झाडाखाली ठेवलं, वर दगड. संपादकांनी हुंगलं, गोल फिरले, बसले. दिली शाबासकी.

बरेच लोक होते. सगळे सरळ चालत होते.

अर्धी फेरी मीही सरळच चाललो. मग थांबलो, वळलो, आणि उलट्या पावलांनी चालायला लागलो. संपादक माझ्याकडे तोंड करून, दोरीच्या टोकाला. बाकावरच्या दोन बायका बोलायच्या थांबल्या. पाठ एका झाडावर आपटली.

वळलो. झाडाची माफी मागितली.

आता ताईने सांगितलेल्यातलं एक तरी खोटं नाही.