तानूच्या डब्यातलं गोड

मारुंजी,
गुरुवार, ८ मे २०२५

चि. येसाजीस,

आक्काचा आशीर्वाद. आम्ही इकडं सगळे धड आहोत. तुझी खुशाली तू कधी कळवत नाहीस, तेव्हा ती आहे असं धरून चालते. तानूचा गुडघा कसा आहे? मेंढरं टेकडीवरनं खाली आणलीस का अजून वरच आहेत?

पत्र बघून घाबरू नको. कुणी गेलेलं नाही. फोन केला असता, पण फोनवर तू माझं अर्धं ऐकतोस, उरलेल्या अर्ध्यावर ओरडतोस आणि मग रेंज गेली म्हणतोस. कागदावर कितीही ओरड, कागद बंद होत नाही. चष्मा काही तू लावणार नाहीस, म्हणून हे सोनालीनं वाचून दाखवायचं. सोने, मधलं काही गाळायचं नाही. आणि तुझे आबा उठून मेंढरांकडं निघाले तर त्यांच्या मागं चालत वाचायचं. गुरुजींनी आम्हाला पत्र शुद्ध लिहायला शिकवलं होतं, तसं लिहितेय. राग आला की सुटेल, तेवढं चालवून घ्या.

तर झालं असं. आमच्या वरच्या खोलीत स्वरदा नावाची पोरगी भाड्यानं राहते. गुणाची आहे, पण दिवसभर कॉम्प्युटरपुढं बसून एकटीच बोलत असते. परवा तिनं एक खोकं आणून माझ्यापुढं ठेवलं. "काकू, हा टार्ट खाऊन बघाच. याच्यासाठी लोक बाणेरहून येतात." म्हटलं, बाणेरला काय खायला मिळत नाही? खोकं उघडलं. वाटीएवढी पारी, खमंग भाजलेली, आत दाटसर सायीसारखं काहीतरी आणि वर करवंदाचा काळाभोर पाक. एक घास घेतला आणि उरलेला टार्ट परत खोक्यात ठेवला. स्वरदा म्हणाली, "आवडलं नाही का?" अगं बाई, आवडण्याचा प्रश्नच नव्हता. मी ते आधी खाल्लं होतं.

कुठं खाल्लं ते तुलाच ठाऊक आहे. चैत्रात जत्रेला मी तुमच्याकडं आले, तेव्हा तू स्वतः डबा उघडून माझ्यापुढं सरकवलास. वर करवंदाऐवजी आंबा होता, बाकी पारी तीच, साय तीच. "आक्के, खा. मल्हारच्या कंपनीतलं हाय. लई मोठी कंपनी, सायबाला जे तेच पोरांना." असं म्हणून तू दोन खाल्लीस आणि एक सकाळच्या चहाला म्हणून फडताळात वर सारलंस. मी बघत होते.

मग कंपनीतलं गोड आमच्या मारुंजीच्या बेकरीत कसं? तू मला ओळखतोस. एकदा डोक्यात किडा वळवळला की मला जेवण गोड लागत नाही. दुसऱ्या दिवशी भाजी आणायला म्हणून निघाले ती तडक बेकरीत.

हमरस्त्याच्या पलीकडं, मोठ्या सोसायटीच्या खाली दुकान आहे. मी कशाला त्या बाजूला जाते! दारात डिलिव्हरीवाल्यांच्या गाड्यांची ही दाटी. आत थंडगार, आणि वास असा की दुधावर साय धरतेय आणि शेजारी कुणी रवा भाजतंय. काचेच्या कपाटात टार्ट मांडलेले, चॉकलेटचे, लिंबाचे, आणि करवंदाचं एकच ताट, तेही अर्धं संपलेलं. पोरी इवलासा घास घेतात आणि डोळे मिटून बसतात. एक बाप्या तर बायकोला द्यायच्या आधी स्वतःच अर्धा खाऊन मोकळा झाला.

मालकीण उत्कर्षा म्हणून आहे, पुण्याची, बोलायला मऊ. मी सरळ विचारलं, "हे तुम्ही कंपन्यांना पुरवता का हो?" ती हसली. "कुठलं काकू, दुकानालाच पुरत नाहीत. फक्त इथंच मिळतात." 

म्हणजे तुझं पोरगं इथनं विकत घेतं आणि तुम्हाला कंपनीचं म्हणून सांगतं, असं मला वाटलं. पण कशासाठी? खोटं बोलायचंच तर माणूस पगाराचं बोलेल, नाहीतर पोरीबाळीचं बोलेल. गोडाच्या डब्याचं कोण खोटं बोलतं?

टार्ट घेऊन खुर्चीत बसले आणि तो हातात फिरवून फिरवून बघायला लागले. शेजारची पोरगी मला खुळी समजली असणार. तेव्हा कडेची मुरड दिसली. जत्रेत चष्मा घरी विसरला होता म्हणून नुसतं खाल्लं होतं, बघितलं नव्हतं. येसाजी, ती आपल्या आईची मुरड होती. बाकीच्या बाया करंजी सरळ मुरडत नेतात आणि सोडून देतात, आपली आई शेवटचा पीळ उलटा वळवून आत दाबायची. ती मुरड आईनं मला शिकवली, मी तानूला शिकवली, आणि चौथ्या माणसाला ती येत असेल असं मला माहीत नव्हतं.

मी उत्कर्षाला म्हटलं, "हे करणाऱ्याला बाहेर बोलवा."

"काकू, काही चुकलं का?"

"चुकलं का ते बघायलाच बोलवा."

मागं काच आहे, आतलं सगळं दिसतं. फळीवर साच्यांच्या शेजारी एक स्टीलचा डबा होता. झाकणाला पोचा. तुझ्या एडक्यानं शिंग मारून पाडलेला तो पोचा मी कुठंही ओळखीन. आणि पोटावर नाव घातलेलं: सौ. तानूबाई. तेवढ्यात दार ढकलून मल्हार बाहेर आला. डोक्याला पांढरी टोपी, कोपरापर्यंत पीठ.

"आत्या! तू हितं?"

"मी मारुंजीतच राहते रे. तू हितं कसा?"

पोरगं एवढं मोठं, पण तोंड असं झालं की शेळी पिकात सापडली. उत्कर्षा भली बाई, तिनं आम्हाला मागं बसायला स्टूल दिले.

सोने, आता आबांना पाणी दे आणि पुढं वाच.

तो कंपनीत लागला होता हे खरं आहे. कँटीनमध्ये. कँटीन बंद पडलं तसा या बेकरीत आला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. आधी भांडी घासली, मग मैदा मळला, आता हे करवंदाचे टार्ट त्यानं स्वतःच्या डोक्यातनं काढलेत. गळ्यात कंपनीचं जुनं कार्ड अडकवून सणाला माझ्याकडं यायचा, मीसुद्धा फसले. मी म्हटलं, "मेल्या, एवढं झाकायचं कशाला? चोरी केलीस का?" तर म्हणाला, "आबा गावात सांगत्यात पोरगं कंपनीत हाय. काय करतो त्ये त्यांनी कधी इचारलंच न्हाई आत्या. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

खरंच नाही विचारलंस? एकदाही?

मग त्यानं ती दिवाळी काढली. तानूचा हात मोडला होता, पोरगं दहावीत होतं. सगळ्या करंज्या त्यानं केल्या. आई बाजेवरनं सांगतेय आणि हा मुरड घालतोय. पाहुण्यांनी बोटं चाटली, तेव्हा तू सगळ्यांदेखत सांगितलंस, "आमच्या सोनीनं केल्यात." आणि पाहुणे गेल्यावर त्याला म्हणालास, "चुलीपाशीच बसायचं असंल तर लुगडं आणून देतो." तू विसरला असशील. तो विसरलेला नाही. सोने, खरं सांग, तुला आजतागायत मुरड येते का?

तर येसाजी, पोरगं लबाड निघालं म्हणून ओरडणार असशील, तर थोडं थांब. करंज्या सोनीनं केल्या ही पहिली लबाडी कुणाची?

आणि रविवारी कोळवणची मंडळी घर बघायला येणार. मल्हारसाठी जुईलीचं स्थळ चांगलं आहे, पोरगी शिकलेली आहे, मला पसंत आहे. पण त्यांना तू सांगितलंयस मुलगा कंपनीत आहे. मल्हार मला म्हणाला, "आत्या, मी रविवारी येत न्हाई. शिफ्ट लागली म्हणून कळवणार. आबांपुढं आता खोटं बोलवत न्हाई आन् खरं बोलायची छाती न्हाई." लग्न मोडलं तरी चालेल, पण त्या ओसरीवर यायला नको, अशी त्याची तऱ्हा. रविवारी तो आला नाही, तर नंतरच्या रविवारीही येणार नाही. मग दिवाळीला नाही, मग जत्रेला नाही. पोरं अशीच लांब जातात रे, भांडण न करता.

मी त्याला विचारलं, एवढं लपवायचं होतं तर डब्यात हे पाठवायचा कशाला? तानू कैलासच्या दुधाच्या टेम्पोतनं भाकरी-चटणी धाडते, डबा धुऊन परत पाठवायचा की झालं. कुणाला वासही आला नसता. तर त्यानं मलाच उलट विचारलं, "आत्या, आईचा डबा रिकामा कसा पाठवू?"

ऐकलंस? कुणाचं भांडं रिकामं परत द्यायचं नाही, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामं नाही. आईनं आपल्याला शिकवलं ते. एवढी एक चाल पोरानं मोडली असती तर जन्मभर सापडला नसता. तो तुमच्या वळणानं वागला म्हणून पकडला गेला.

"आबांना सांगू नको," म्हणून त्यानं माझा हात धरला. मी म्हटलं, सांगणार. पोटात ठेवून घ्यायला मी काय तुमच्या घरचं फडताळ नाही.

आता माझं शुद्ध संपलं, ऐक. सोने, मोठ्यानं वाच. आरं येशा, तुला लाज कशाची वाटती? मेंढी वेताला अडली तर रातभर तिच्यापाशी बसतोस, त्ये बाईचं काम न्हाई का? दोन-दोन खाऊन तिसरं फडताळात ठिवतोस, लोकाच्या पोराचं म्हणून ग्वाड लागतं आन् आपल्या पोराचं म्हणलं की घशात अडकतं? बाणेरची माणसं गाड्या घिऊन येत्यात त्याच्या हातचं खायाला. आन् बापानं इचारू नये, पोरा, काय करतोस?

असो. लिहून हलकं वाटलं.

हे पत्र कैलासच्या टेम्पोतनं डब्यासकट येईल. डब्यात करवंदाचे टार्ट आहेत, त्यानं काल केलेले. तानूला आधी दे. मग तू खा, आणि या वेळी कुणाचं म्हणून खातोस ते माहीत असू दे. तो सांगत होता, पौडच्या बाजारातनं करवंदं आणतो, पण आपल्या टेकडीवरच्या जाळीची सर त्यांना नाही. हे तो मला सांगत होता, तुला सांगायची हिंमत नाही म्हणून.

डबा परत धाडशील तेव्हा तानूला भरू देऊ नको. तिनं आजवर पुष्कळ भरला. काय घालायचं ते तू ठरव.

तुझी आक्का,
जिच्या दारातनं तुझं एकही भांडं आजवर रिकामं गेलेलं नाही,
सुलक्षणा

*

माले,
शनिवार, १० मे

ती. आत्यास,

सोनालीचा नमस्कार. आबा सांगतायत आणि मी लिहितेय. एक अक्षर बदलायचं नाही म्हणून दम दिलाय. त्याआधी माझं एक, मला मुरड येत नाही. आणि तुझं पत्र वाचताना आबा खरंच उठून गेले. मी मागं चालत वाचलं. शेवटी मेंढरांच्या वाड्यापाशी कुंपणाला टेकून उभे राहिले आणि "आईचा डबा" तेवढं पुन्हा वाच म्हणाले. आता त्यांचं.

"आक्के, पत्र पोचलं. तू लई लिवतीस. मला येशा म्हणालीस त्ये तानूपुढं म्हणायला नको हुतं, ती कालधरनं हसतीया.

डब्यात करवंदं हायेत. बाजारातली न्हाईत, वरल्या जाळीतली. आज पहाटं मीच गेलो. लई काटं लागलं, सोनीला लिवू नको म्हणलं तरी लिवतीया. वरची तेवढी पिकल्याली काढली, कच्ची तशीच ठिवली, पुढल्या आठवड्याला हुतील.

टार्ट खाल्लं. पारी चांगली हाय. त्याला इचार, मोहन तुपाचं घालतो का लोण्याचं? तानू न्हाई इचारत, मी इचारतोय. आन् करवंदाच्या बिया काढाया कसं करतो? एवढ्या बारीक बिया, मला त्ये काय उमगंना. त्यानं फोनवर न्हाई, हितं येऊन दावावं.

कोळवणच्या पावन्यांना मी सकाळी फोन केला. पोरगं कंपनीत न्हाई, बेकरीत हाय, म्हणलं. पावन्यानं त्ये तितंच पोरीला सांगितलं. मग पोरगीच फोनवर आली आन् म्हणली, कंची बेकरी? मी मारुंजीची म्हणलं तर म्हणली, तितलं करवंदाचं आमी खाल्लंय. आता त्ये येत्यात का न्हाई, त्यांची मर्जी. पण आले तर ग्वाड आमच्या घरात विकत आणायचं न्हाई. मल्हारला म्हणावं आज रातीच ये, चूल मी पेटवून ठिवतो.

आन् त्याला एवढं सांग. पावन्यांनी इचारलं कुणी केलं, तर मी सोनीचं नाव घेणार न्हाई."

आत्या, सही आबांनी स्वतः केलीय. पेन घट्ट धरून केलीय, म्हणून कागद जरा फाटलाय.

येसाजी,
मल्हारचा बाप